आधी वजनकाटा, मग सल्ला : छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना हात देणाऱ्यांसाठी

कोणी जॅम करतं, कोणी टोमॅटोची पेस्ट, कोणी सुकवलेल्या भाज्या, कोणी शेंगदाण्याचं बटर. मालक सहसा तरुण असतो, उद्योग सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. गिऱ्हाईक मालाचं कौतुक करतं, दिवसभर मान वर करायला फुरसत नसते, आणि महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. मग कोणीतरी तुम्हाला म्हणतं, "जरा येऊन बघता का?" तुम्ही अन्नतंत्रज्ञान शिकलेले असाल, बँकेत नोकरी केलेली असेल, एखाद्या संस्थेत प्रशिक्षक असाल किंवा स्वतः उद्योग चालवून निवृत्त झालेले असाल. दुसऱ्याच्या युनिटमध्ये सल्लागार म्हणून पहिल्यांदाच पाऊल टाकत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

नवखा सल्लागार पहिल्या भेटीतच ब्रँड, कर्ज आणि मशीन या तीन गोष्टींवर बोलायला लागतो. ऐकायला ते छानच वाटतं. माझा अनुभव असा, की छोट्या युनिटचा पैसा बाजारात कमी आणि कच्चा माल दारात उतरल्यापासून झाकण लागेपर्यंतच्या वाटेवर जास्त गळतो. ही गळती चालू असताना विक्री वाढवली, तर गळतीही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून पुढचा क्रम सहसा मोडू नका. अपवाद एकच : माल खाण्यास धोकादायक असू शकतो अशी शंका आली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच हाताळा.

पहिली भेट : एक पूर्ण बॅच बघा

मालकाशी ऑफिसात बसून बोलायचं असेल तर संध्याकाळी बोला. सकाळी कच्चा माल उतरतो त्या वेळी तिथे हजर राहा आणि शेवटचं भांडं धुऊन होईपर्यंत हलू नका. सोबत वही, घड्याळ, थर्मामीटर आणि एक खात्रीचा वजनकाटा असू द्या. युनिटमधला काटा आधी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्या. तो बरोबर नसेल तर पुढचे सगळे आकडे कुचकामी.

मग दर टप्प्यावर वजन करायचं : उतरलेला माल, निवडून बाजूला काढलेला, धुतल्यानंतरचा, सोलल्या-चिरल्यानंतरचा, शिजल्यानंतरचा, भरलेला. आणि कचऱ्याच्या बादल्या. त्या कोणीच तोलत नाही, म्हणून त्या आवर्जून तोला.

पल्परच्या (गर काढणाऱ्या मशीनच्या) तोंडातून पडणारा चोथा मुठीत घेऊन पिळून बघा. बोटांमधून रस टिपकत असेल, तर चोथ्यातून पैसा बाहेर चाललाय. जाळी झिजलेली असते, पाती आणि जाळी यांतलं अंतर वाढलेलं असतं, किंवा माल पुरेसा गरम न करताच आत ढकललेला असतो. कढईच्या काठाला आणि भरण्याच्या भांड्याच्या बुडाशी चिकटून राहिलेला गर रबरी पट्टीने खरवडून वेगळा तोला. बॅच लहान असेल तर हे दोन-तीन किलोसुद्धा शेकडेवारीत डोळ्यांत भरतात.

त्या दिवशी सल्ला द्यायचा नाही. विशेषतः कामगारांसमोर मालकाच्या चुका काढायच्या नाहीत. मालक किंवा मालकीण विशी-पंचविशीतली असते, हाताखालची माणसं वयाने मोठी असतात, आणि तिथला अधिकार आधीच नाजूक असतो. प्रश्न मात्र कामगारांनाच विचारा. "हे असं का करता?" या प्रश्नाचं उत्तर मालकाकडे क्वचित असतं. कढईवर उभ्या असलेल्या बाईंकडे ते नेहमी असतं.

उतारा काढा

१०० किलो कच्च्या मालातून किती किलो विकण्याजोगा माल निघाला, हा उतारा. "साधारण चाळीस टक्के" असं उत्तर मिळालं, तर मोजलेला नाही असं समजा. मोजलेला उतारा कधीच इतका गोल नसतो.

आता मोजलेला उतारा कशाशी ताडून बघायचा? शेजारच्या युनिटच्या आकड्याशी नको, मालातल्या घन पदार्थाशी. टोमॅटोचं उदाहरण घेऊ. रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं शेकडा प्रमाण ब्रिक्समध्ये मोजतात, आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या हातात मावणाऱ्या उपकरणावर रसाचा थेंब टाकला की ते क्षणात कळतं. रस ५ ब्रिक्सचा असेल आणि २८ ब्रिक्सची पेस्ट करायची असेल, तर १०० किलो रसातून १०० × ५ ÷ २८, म्हणजे १७.९ किलो पेस्ट निघायला हवी. रस ४ ब्रिक्सचा असेल तर १४.३ किलोच निघेल. एका ब्रिक्सच्या फरकाने एक पंचमांश माल कमी, आणि वर जास्त पाणी आटवण्याचं इंधन. तरीही बहुतेक जण टोमॅटो फक्त किलोच्या भावाने घेतात. खरेदीच्या वेळी दोन-चार फळांचा रस तपासून भाव ठरवायला शिकवलंत, तर ही एकच गोष्ट तुमच्या भेटीचं सार्थक करते.

इंधनाचं गणितही इथेच समजावून सांगा. २५ अंश सेल्सिअसचं एक किलो पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. त्यामुळे पाणी कमी करण्याचा प्रत्येक स्वस्त मार्ग आधी वापरायचा : धुतलेला माल नीट निथळून घ्यायचा, गरात पाणी ओतून मशीन "सुरळीत" चालवायची सवय मोडायची. गर घट्ट वाटला की मगभर पाणी टाकणारा माणूस प्रत्येक युनिटमध्ये असतो. ते मगभर पाणी नंतर इंधन जाळून बाहेर काढावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सुकवण्याच्या धंद्यात गळती उलट्या बाजूने होते. भाजीत ९० टक्के ओलावा असेल तर १०० किलोमध्ये घन पदार्थ १० किलो. ८ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलं तर १०.८७ किलो माल मिळतो, आणि ५ टक्क्यांपर्यंत सुकवलं तर १०.५३ किलो. ८ टक्क्यांना माल सुरक्षित टिकत असेल, तर "चांगला कडक झाला पाहिजे" म्हणून ड्रायर तासभर जास्त चालवणारा मालक तीन टक्के वजन फुकट सोडतो आणि त्यासाठी विजेचं बिलही भरतो. मात्र ८ टक्के सुरक्षित आहेत की नाहीत, हे मालागणिक ठरतं. त्याची कसोटी पुढे आहे.

तिसरी गळती भरताना होते. बरणीवर २५० ग्रॅम लिहिलंय आणि सरासरी २५६ ग्रॅम भरलं जातंय, म्हणजे २.४ टक्के माल दान. विक्री १०० मानली, त्यात आतल्या मालाचा खर्च ५० आणि नफा ८ असेल, तर हे दान १.२ पडतं. नफ्यातला जवळजवळ सातवा हिस्सा असाच जातो. पण लगेच "कमी भरा" म्हणून सांगू नका. बरण्यांची वजनं २४० ते २७० अशी हेलकावत असतील आणि तुम्ही सरासरी खाली आणलीत, तर कितीतरी बरण्या लेबलवरच्या वजनापेक्षा हलक्या भरतील. हा ग्राहकावर अन्याय आहे आणि जवळपास सगळीकडे गुन्हाही. आधी हेलकावे कमी करायचे : ठरावीक मापाचा डाव, एकसारखं तापमान (गार होत गेलेला गर घट्ट होतो आणि माप चुकतं), रिकाम्या बरण्यांच्या वजनातला फरक लक्षात घेणं, आणि दर वीस बरण्यांमागे एक तोलून कागदावर टिपणं. हेलकावे आटोक्यात आले की सरासरी हळूहळू खाली आणायची.

किमतीचा हिशोब, मालकाच्याच हाताने

दुसऱ्या भेटीत एका बरणीचा खर्च कागदावर मांडायला लावा. तुम्ही संगणकावर तयार तक्ता करून देऊ नका. जो तक्ता स्वतः मांडलेला नसतो, तो नंतर कोणी उघडत नाही.

या कागदावर सहसा चार गोष्टी राहून जातात : मालकाची स्वतःची मजुरी, घरच्यांची फुकटची मजुरी, फुटलेला, परत आलेला आणि चवीपुरता वाटलेला माल, आणि मशीनची झीज. घरच्यांच्या मजुरीवर वाद होतो, "घरचेच तर आहेत" असं उत्तर येतं. त्यावर एवढंच विचारा : उद्या काम दुप्पट झालं तर घरात दुप्पट माणसं आहेत का?

दुकानदाराच्या कमिशनचं गणित हा दुसरा सापळा. खर्च ८० आला, त्यावर २५ टक्के चढवून विक्री किंमत १०० ठेवली. दुकानदार म्हणाला, मला २५ टक्के हवेत. मालकाला वाटतं बरोबरी झाली, निदान तोटा तरी नाही. पण दुकानदार विक्री किमतीवर २५ टक्के मागतोय. म्हणजे त्याला २५ गेले, हातात ७५ आले आणि प्रत्येक बरणीमागे ५ चा तोटा. खर्चावरची टक्केवारी आणि विक्रीवरची टक्केवारी यांतला फरक कळायला पाच मिनिटं लागतात. तो न कळल्यामुळे दोन-दोन वर्षं तोट्यात माल विकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात शिकलेले लोकही होते.

मग खर्चाचे दोन भाग करा. बरणीगणिक वाढणारा खर्च एकीकडे, आणि एकही बरणी केली नाही तरी द्यावाच लागणारा खर्च (भाडं, पगार, हप्ता) दुसरीकडे. समजा, बरणीमागे हातात ७५ येतात आणि बदलता खर्च ५५ आहे. उरले २०. महिन्याचा स्थिर खर्च ४०,००० असेल, तर पहिल्या २,००० बरण्या फक्त तो खर्च भरून काढतात. आता उतारा आणि भरण सुधारून बदलता खर्च ५१ वर आणला, तर तोच टप्पा १,६६७ बरण्यांवर येतो. एकही नवा ग्राहक न शोधता तीनशेहून जास्त बरण्यांचं ओझं उतरतं. हे मालकाने स्वतः कागदावर पाहिलं, की वजनकाट्याबद्दलची कुरकुर थांबते.

सुरक्षितता : इथे तडजोड नाही

१८१० साली फ्रान्समध्ये निकोला अपेर याला बंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याच्या पद्धतीबद्दल सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. ते अन्न का टिकतं, हे त्याला माहीत नव्हतं. सूक्ष्मजंतूंचा उलगडा पाश्चरने केला तो जवळपास अर्ध्या शतकानंतर. आजचा घरगुती उद्योजकही पुष्कळदा अपेरसारखाच असतो : पद्धत ठाऊक, कारण ठाऊक नाही. रेसिपी एकच राहिली तोवर चालून जातं. साखर कमी करा, व्हिनेगर कमी करा, नवीन चव काढा, की कारण माहीत नसल्याचा धोका उभा राहतो.

दोन आकडे प्रत्येक तरुण उद्योजकाला तोंडपाठ असले पाहिजेत.

पहिला, पीएच ४.६. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका माल आंबट. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीत मरत नाहीत. बरणीत हवा नसेल, ओलावा असेल आणि आंबटपणा कमी असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असेल, तर ते रुजतात आणि अत्यंत घातक विष तयार करतात. अशा मालाला दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवणारी यंत्रणा आणि तज्ज्ञाने ठरवून दिलेली वेळ लागते. छोट्या युनिटने, माझ्या मते, या फंदात पडूच नये. आंबट माल, सुका माल किंवा भरपूर साखरेचा माल करावा. तेलात बुडवलेला ओला लसूण किंवा ओल्या वनस्पती यांबद्दल तर विशेष सावध राहा. तेल हवा अडवतं, आंबटपणा देत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. वास आणि चव यांवरून हे विष ओळखता येत नाही.

पीएच मोजायला कागदी पट्टी पुरत नाही, मीटर हवा. तो रोज ४ आणि ७ च्या बफर द्रावणांनी (ज्यांचा पीएच पक्का माहीत असतो अशा द्रावणांनी) जुळवून घ्यायचा. माल गार झाल्यावर मोजायचा. आणि आंबट पाण्यात भाजीचे तुकडे असतील तर बाहेरचं पाणी मोजून समाधान मानायचं नाही : एक दिवस जाऊ द्या, मग तुकडे आणि पाणी एकत्र वाटून मोजा. आंबटपणा तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. लक्ष्य ४.६ च्या बरंच खाली, ४.२ च्या आत ठेवलेलं चांगलं, कारण फळ दर हंगामात सारखं आंबट नसतं.

दुसरा आकडा ०.८५. हा वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचा. मालात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, हे तो सांगतो. शुद्ध पाण्याचा आकडा १. ०.८५ आणि त्याखाली रोगजंतूंची वाढ थांबते असं व्यवहारात धरतात. बुरशी मात्र चिवट, ती पूर्ण थांबायला ०.६ च्या आसपास यावं लागतं. मघाशी सुक्या भाजीच्या ८ टक्के ओलाव्याचा प्रश्न राहिला होता, त्याचं उत्तर इथे आहे : ओलावा किती ठेवायचा, हे या आकड्यावरून ठरवा. उपकरण महाग असतं, विकत घेण्याची गरज नाही. रेसिपी पक्की करताना प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि रेसिपी बदलली की पुन्हा तपासा.

शेंगदाणा, मका यांसारख्या मालात धोका युनिटच्या बाहेरच सुरू होतो. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे मेले, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष भाजण्याने पूर्ण नाहीसं होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा भट्टीआधीच बाहेर काढायचा आणि पुरवठादाराकडून तपासणीचा दाखला मागायचा.

हॅसॅपचं, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून अडवण्याच्या पद्धतीचं, नाव काढलं की तरुण मंडळी दचकतात, कारण त्यांनी त्याच्या जाडजूड फायली पाहिलेल्या असतात. ही पद्धत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा यांनी मिळून घडवली. विचार साधा होता : तयार माल तपासत बसून सुरक्षिततेची हमी मिळत नाही, म्हणून ज्या टप्प्यांवर धोका अडवता येतो तिथेच मोजमाप करा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून चालवलेल्या कोडेक्स आयोगाने पुढे ती स्वीकारली, आणि बहुतेक देशांचे अन्नकायदे आज तिच्याकडे बोट दाखवतात. छोट्या आंबट सॉसच्या युनिटला सुरुवातीला एक कागद पुरतो : पीएच किती, भरताना तापमान किती (गरम भरायचं असेल तर ८५ अंशांच्या वर, आणि झाकण लावून बरणी दोन-तीन मिनिटं उलटी), झाकण घट्ट बसलं का. दर बॅचला तीन नोंदी. आकडा चुकला तर काय करायचं, तेही त्याच कागदावर आधीच लिहिलेलं. परवाना आणि लेबलचे नियम जिथल्या तिथे वेगळे असतात, ते स्थानिक अधिकाऱ्याकडूनच समजून घ्यायला सांगा. ऐकीव माहितीवर लेबल छापून घेऊन नंतर हजारो लेबलं रद्दीत घालणारे कमी नाहीत.

स्वच्छतेबद्दल एकच मुद्दा, कारण बाकीचं सगळे सांगतातच. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं. चिकट टेबलावर क्लोरीनचं पाणी ओतून काही होत नाही, क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. ५ टक्के तीव्रतेचं द्रावण असेल तर स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागासाठी लिटरमागे ४ मिलिलिटर पुरतं. "जास्त टाकलं तर जास्त चांगलं" हा समज मालाला वास आणतो आणि स्टीलला खड्डे पाडतो.

काम कुठे अडतं ते शोधा

आता मशीनचा विषय काढायला हरकत नाही. प्रत्येक टप्पा तासाला किती माल पुढे सोडतो, हे पहिल्या दिवशीच्या वहीत आहेच. समजा, पल्पर तासाला १५० किलो काढतो, कढईतून तासाला ४० किलो निघतात आणि भरणाऱ्या दोघी तासाला ७० किलो भरू शकतात. मग या युनिटची गती ४० किलो. दुसरा पल्पर आणला तरी ४०, भरणीला तिसरी बाई ठेवली तरी ४०. आणि गंमत म्हणजे मालकाला प्रदर्शनात आवडलेलं असतं ते भरणीचं मशीन.

कढईला नवी जोडी घेण्याआधी ती रिकामी किंवा नुसती धगीवर किती वेळ असते, ते बघा. एका ठिकाणी मी पाहिलं : जॅम तयार झालेला, कढईवरच्या बाईंनी आच मंद केलेली, आणि सगळे मालक येऊन चमच्याने चाखून "झालं" म्हणण्याची वाट बघत उभे. मालक फोनवर. दर बॅचला हे असंच. तोवर जॅमचा रंग काळवंडत होता आणि पुढचा गर बाहेर ताटकळत होता. त्या बाईंच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर दिला, ६८ ब्रिक्स हा आकडा भिंतीवर लिहिला आणि "आकडा आला की उतरवायचं, मला विचारायचं नाही" असं मालकाने स्वतः सर्वांसमोर सांगितलं. कढई तीच, पण दिवसाला एक बॅच जास्त निघू लागली आणि सगळ्या बरण्यांचा रंग एकसारखा दिसू लागला. जेवणाची सुट्टी पाळीपाळीने घेणं, पुढचा गर आधीच गरम करून ठेवणं, असे बिनपैशाचे उपाय पुष्कळ असतात. ते संपल्यावरही अडत असेल, तर खुशाल कर्ज काढून कढई घ्या.

टिकवणकाळ आणि बॅच नंबर

"सहा महिने टिकतं" हे कशावरून ठरवलं, असं विचारा. दुसऱ्या कोणाच्या लेबलवरून, हे उत्तर सर्रास मिळतं. दर बॅचमधल्या काही बरण्या विक्रीच्याच पॅकिंगमध्ये, दुकानात जेवढं गरम होतं तेवढ्याच तापमानाला ठेवायला लावा आणि ठरावीक अंतराने एकेक उघडून रंग, वास, चव, पीएच नोंदवा. लेबलवर लिहायची मुदत या नोंदींतून येऊ द्या, आणि थोडी राखून लिहा. पाकीटबंद माल असेल तर सील तपासायची सोपी युक्ती : पाकीट पाण्याखाली धरून दाबा, बुडबुडा आला तर सील फुटकं. कुरकुरीतपणा गेल्याच्या तक्रारींत मालापेक्षा सील दोषी असण्याची शक्यता जास्त.

बॅच नंबर छापलेला असतो, पण त्याचा माग लागतो का? शेल्फवरची कोणतीही एक बरणी उचला आणि मालकाला सांगा, हिच्यातला कच्चा माल कोणाकडून, कोणत्या दिवशी आला, आणि याच बॅचच्या बाकीच्या बरण्या कोणकोणत्या दुकानांत गेल्या, ते शोधून दाखव. दोन तासांत कागद सापडले तर ठीक. नाही सापडले, तर एखाद्या तक्रारीवर सगळाच्या सगळा माल परत बोलवावा लागेल, कारण कोणता वाईट हे सांगताच येणार नाही.

प्रकार कमी करा, पैसा मोकळा करा

तरुण उद्योजकांना नव्या चवी काढायची हौस असते. चौदा चवी, त्यांतल्या तीनच खपतात, आणि उरलेल्या अकरांची लेबलं, बरण्या आणि तयार माल कपाटात पैसा अडवून बसलेला. प्रत्येक चव बदलताना मशीन धुण्यात जाणारा वेळ वेगळाच. यादीतून काय काढायचं, हे तुम्ही सांगू नका. प्रत्येक प्रकारासमोर महिन्याची विक्री आणि बरणीमागे उरणारी रक्कम लिहायला लावा. यादी बघून बहुतेक जण स्वतःच पेन उचलतात. एखादी चव भावनेपोटी राहते, राहू द्या.

रोख रकमेचं गणित थोडक्यात असं. कच्चा माल सरासरी ४५ दिवस पडून राहतो, तयार माल २० दिवस, दुकानदार ४० दिवसांनी पैसे देतो, आणि आपण पुरवठादाराला १० दिवसांनी देतो. म्हणजे ४५ + २० + ४० − १० = ९५ दिवस पैसा बाहेर. विक्री दुप्पट झाली की हे अडकलेले पैसेही दुप्पट लागतात. नफ्यात असलेले धंदे मोठी ऑर्डर मिळाल्यावर बुडतात ते इथे. मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर आली म्हणून पेढे वाटण्याआधी पैसे किती दिवसांनी येणार, परत केलेला माल कोणाच्या माथी, आणि तोवर कच्चा माल कशातून घ्यायचा, हे तीन प्रश्न विचारायला शिकवा. हंगामी फळांच्या धंद्यात हे जास्तच खरं, कारण वर्षभराचा गर चार-सहा आठवड्यांत भरून ठेवावा लागतो. अशा वेळी कच्च्या मालासाठी वेगळी, मुदतीची रक्कम उभी करावी. मशीनच्या कर्जातले पैसे इकडे वळवू नयेत.

तुमचं जाणं

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुधारणेच्या दोनच गोष्टी हातात घ्या, त्याही मालकाने निवडलेल्या. तुमच्या वहीत वीस निघाल्या असतील, त्या वहीतच राहू द्या. भिंतीवर एक फळा लावा : आजचा कच्चा माल, आजचा उतारा, पीएच, सरासरी भरण. त्यावर आकडे कढईवर काम करणाऱ्या माणसाने लिहायचे. मालकाने लिहिले तर मालक बाहेरगावी गेला त्या दिवशीचा फळा कोरा राहतो.

पुढच्या भेटीत "कसं चाललंय?" असं विचारू नका, उत्तर "छान" असंच येतं. नोंदवही उघडा, मधलीच एक तारीख काढा आणि त्या दिवशी उतारा का घसरला, हे विचारा. "त्या दिवशी माल पावसात भिजून आला होता, निथळायला वेळ नव्हता" असं उत्तर न अडखळता आलं, तर तिथे आता महिन्याला एकदा गेलात तरी पुरे. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच बसणीत भरलेल्या दिसल्या आणि उतारा रोज नेमका चाळीस टक्के लिहिलेला असला, तर काटा काढा आणि पुन्हा पहिल्या बॅचपासून उभे राहा.